छिन की हान? चिनी इतिहासात शिरायचं तर आधी कुठलं घराणं धरायचं

जुन्या चीनबद्दल नीट काहीतरी वाचावं असं मनात आलं की पहिलाच प्रश्न हा पडतो, छिनपासून सुरू करू की हानपासून. छिन म्हणजे इ.स.पू. २२१ ते इ.स.पू. २०६, जेमतेम पंधरा वर्षं. हान म्हणजे इ.स.पू. २०२ ते इ.स. २२०, मध्ये वांग मांग नावाच्या माणसाने चौदा-पंधरा वर्षं गादी बळकावली होती ती सोडली तरी चारशे वर्षं होतात. ज्याला विचाराल तो सांगतो छिन घे, पहिलं आहे, छोटं आहे, ते मातीचे सैनिक आहेत. मी पण तेच केलं आणि अर्ध्यात आल्यावर लक्षात आलं की मी एवढी रंगून जी गोष्ट वाचतोय ती जवळपास सगळी हान लोकांनी लिहिलेली आहे, म्हणजे ज्यांनी छिनची जागा घेतली त्यांनीच. मग काय, परत पहिल्या पानावर. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवून सांगतो.

सुरुवातीलाच एक बारकी पण कामाची गोष्ट. छिनने जी सहा राज्यं जिंकली त्यातल्या एकाचं नावही हानच आहे. त्याचं चिनी अक्षर वेगळं, उच्चाराचा सूर वेगळा, पण आपल्या लिपीत दोन्ही हान. ते छोटं हान राज्य इ.स.पू. २३० मध्येच संपलं आणि मोठ्या हान घराण्याशी त्याचा काही संबंध नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर दोन संध्याकाळी डोकं खाजवत बसलो नसतो.

आता छिनची बाजू. गोष्ट म्हणून छिनला तोड नाही हे मान्यच करायला पाहिजे. पश्चिमेच्या कोपऱ्यातलं एक राज्य, बाकीचे त्याला रांगडं समजायचे, तिथे इ.स.पू. ३५६ च्या सुमाराला शांग यांग नावाचा मंत्री येतो आणि सगळं उलथंपालथं करतो. पाच-पाच घरांचे गट, एकाने गुन्हा केला की बाकीचे जबाबदार, लढाईत शत्रूचं डोकं आणलं तर पदवी आणि जमीन, राजघराण्यातला असला तरी लढला नाही तर पदवी नाही. पुढे राजा बदलला आणि शांग यांगला पळावं लागलं, वाटेत एका खानावळीत उतरायला गेला तर मालक म्हणे कागदपत्रं नसलेल्याला ठेवून घेतलं तर शांग यांगच्या कायद्याने मला शिक्षा होईल. इ.स.पू. ३३८ मध्ये त्याला मारलं, पण कायदे मात्र ठेवले. मग इ.स.पू. ३१६ मध्ये छिनने शू जिंकलं, म्हणजे आजचा सिच्वान. (हो, आपल्या गाडीवरच्या शेजवानमधला तोच सिच्वान, फक्त तेव्हा तिथे मिरची नव्हती, ती अमेरिकेतून यायला अजून अठराशेहून जास्त वर्षं होती.) तिथे ली बिंग नावाच्या अधिकाऱ्याने इ.स.पू. २५६ च्या आसपास तूच्यांगयान इथे नदीचं पाणी विभागायची जी व्यवस्था केली ती आजही छंगतूच्या मैदानाला पाणी देते. सैन्याला पोटभर धान्य हे छिनच्या विजयाचं अर्धं कारण आहे, आणि कंटाळवाणं म्हणून बहुतेक लोक नेमकं तेच गाळतात.

मग येतो झंग, इ.स.पू. २४६ मध्ये तेरा वर्षांचा असताना राजा झालेला पोरगा. एका व्यापाऱ्याने, ल्यू पूवेइने, त्याच्या बापावर पैसा लावून त्याला गादीवर आणलेलं, आईची भानगड वेगळीच. इ.स.पू. २२७ मध्ये चिंग ख नावाचा मारेकरी गुंडाळलेल्या नकाशात खंजीर लपवून दरबारात येतो, नकाशा उलगडत जातो आणि शेवटी खंजीर दिसतो, राजा खांबाभोवती पळतोय आणि तलवार इतकी लांब की म्यानातून निघत नाहीये. सिनेमावाल्यांना वेगळी पटकथा लिहायची गरजच नाही. इ.स.पू. २३० ते २२१, दहा वर्षांत सहा राज्यं एकामागून एक खलास, आणि हा माणूस स्वतःसाठी नवीन पदवीच तयार करतो, शी ह्वांग-ती, पहिला सम्राट. राज्याचे ३६ प्रांत, वारसदार सरदारांऐवजी नेमलेले अधिकारी, एक लिपी, एक वजनमापं, मधे चौकोनी भोक असलेलं गोल नाणं, आणि बैलगाडीच्या दोन चाकांमधलं अंतरसुद्धा एकच म्हणजे रस्त्यावरच्या चाकोऱ्या सगळीकडे जुळतील. इ.स.पू. २१३ मध्ये पुस्तकं जाळायचा हुकूम, पुढच्या वर्षी ४६० विद्वानांना मारल्याची गोष्ट. इ.स.पू. २१० मध्ये दौऱ्यावर असताना सम्राट मेला आणि बातमी फुटू नये म्हणून प्रेताच्या गाडीबरोबर खारवलेल्या मासळीचा गाडा चालवला, म्हणजे वास कशाचा येतोय ते कळू नये. झाओ गाओ नावाचा दरबारी आणि पंतप्रधान ली सी यांनी खोटं पत्र करून थोरल्या मुलाला आत्महत्या करायला लावली आणि धाकट्याला गादीवर बसवलं. याच झाओ गाओने नंतर दरबारात हरीण आणून हा घोडा आहे असं सांगितलं, कोण होयबा आणि कोण नाही ते बघायला. आणि चार वर्षांत सगळा खेळ खलास.

बघा, एका दमात सांगून झाली. हाच छिनचा फायदा आणि हाच तोटा. पात्रं मोजकी, सुरुवात-मध्य-शेवट एकदम ठळक, वाचल्यावर वाटतं आपल्याला चीन कळला. पण यात सामान्य माणूस कुठेच नाही, फक्त राजा, मंत्री आणि मारेकरी.

हानचं नेमकं उलटं. सुरुवात धमाल आहे, पण पुढे नावांचा महापूर. लिउ बांग, पहिला हान सम्राट, शेतकऱ्याच्या घरातला, छिनच्या राज्यात एका चौकीवरचा ठाणेदार, उधारीवर दारू पिणारा. कैद्यांची एक तुकडी पहिल्या सम्राटाच्या थडग्याच्या कामावर पोचवायची होती, वाटेत इतके कैदी पळाले की याने विचार केला आता तिथे पोचलो तरी मेलोच, मग उरलेल्यांनाही सोडून दिलं आणि स्वतः डोंगरात गेला. त्याचा प्रतिस्पर्धी श्यांग यू, खानदानी, देखणा, लढाईत न हरणारा. एकदा श्यांग यूने लिउ बांगच्या बापाला पकडलं आणि धमकी दिली की शरण ये नाहीतर याला उकळतो, त्यावर लिउ बांग म्हणाला आपण दोघांनी भावाभावाची शपथ घेतली होती ना, म्हणजे माझा बाप तो तुझाही बाप, उकळलास तर वाटीभर रस्सा मलाही पाठव. पाठलाग होत असताना रथ हलका करायला याने स्वतःच्या पोरांना खाली ढकललं, सारथ्याने उचलून परत आत घेतलं. असला माणूस इ.स.पू. २०२ मध्ये जिंकतो आणि श्यांग यू नदीकाठी स्वतःचा गळा कापतो. कोण बरोबर कोण चूक यावर चीनमध्ये दोन हजार वर्षं वाद चालू आहे आणि तो संपावा असं कुणालाच वाटत नाही.

त्यानंतर मात्र हान वाचायला दम लागतो. लिउ बांगच्या राणीने, ल्यूने, नवरा गेल्यावर पंधरा वर्षं राज्य चालवलं आणि सवतीचे जे हाल केले ते इथे लिहवत नाही. मग वन आणि चिंग असे दोन काटकसरी सम्राट, मग इ.स.पू. १५४ मध्ये सात संस्थानिकांचं बंड, मग वू सम्राट ज्याने इ.स.पू. १४१ ते ८७ असं ५४ वर्षं राज्य केलं, लढाया, मीठ-लोखंडाची सरकारी मक्तेदारी, कन्फ्यूशियसच्या ग्रंथांचं सरकारी विद्यापीठ (इ.स.पू. १२४, सुरुवातीला फक्त ५० विद्यार्थी). मग वांग मांग. मग इ.स. २५ पासून राजधानी छांगआन सोडून लोयांग. तिथून पुढे सम्राट म्हणजे लहान पोरं, एकीकडे आजोळचे लोक आणि दुसरीकडे महालातले खोजे, इ.स. १८४ मध्ये पिवळ्या फडक्यांचं बंड, आणि मग छाओ छाओ वगैरे मंडळी जी व्हिडिओ गेममुळे आपल्याकडच्या पोरांनाही तोंडपाठ आहेत. शेवटची शंभर वर्षं पहिल्यांदा वाचताना मी सरळ चाळली, तुम्हीही चाळा, काही बिघडत नाही.

म्हणजे नुसती गोष्ट हवी असेल तर छिन एक पाऊल पुढे. पण आता खरा फरक बघा, आणि तो आहे हे सगळं आपल्याला कळलं कुठून यात.

छिनबद्दल वर जे काही सांगितलं, खानावळ, खंजीर, मासळी, हरीण-घोडा, ते मुख्यतः सिमा छ्यानच्या इतिहासग्रंथातून येतं. तो वू सम्राटाच्या दरबारातला, म्हणजे छिन बुडाल्यानंतर शंभर वर्षांनी लिहिणारा. एका हरलेल्या सेनापतीची बाजू घेतली म्हणून त्याला शिक्षा झाली, पैसे भरून सुटता आलं असतं पण तेवढे पैसे घरात नव्हते, आत्महत्या करायची रीत होती पण ग्रंथ अर्धा राहिला असता, म्हणून त्याने खच्चीकरण पत्करलं आणि १३० प्रकरणं पूर्ण केली. हे सगळं त्याने एका पत्रात स्वतः लिहून ठेवलंय आणि ते पत्र वाचल्यावर या माणसाला खोटारडा म्हणायची हिंमत होत नाही. पण तो ज्या काळात लिहीत होता तिथे छिन म्हणजे जुलूम, म्हणूनच देवाची मर्जी फिरली, म्हणूनच हान आले, ही सरकारी भूमिका होती. आणि मला तर अशी शंका येते की एका हुकूमशहाच्या दरबारात बसून आधीच्या हुकूमशहाबद्दल लिहिताना त्याला जे आपल्या धन्याला ऐकवायचं होतं ते त्याने पहिल्या सम्राटाच्या तोंडी घातलं असावं. ही शंका हानचा वू सम्राट आधी वाचला असेल तरच येते. नाहीतर छिनची गोष्ट सरळ पोटात जाते.

आता याचं सगळ्यात भारी उदाहरण. इ.स.पू. २०९ मध्ये पावसामुळे रस्ता बंद पडला, ९०० वेठबिगारीचे लोक सीमेवर वेळेत पोचू शकत नव्हते, उशिराला शिक्षा मृत्यू, तेव्हा चेन शंग आणि वू ग्वांग म्हणाले तसंही मरायचंच आहे तर बंड करून मरू. छिन बुडाला तो इथून. ही गोष्ट प्रत्येक पुस्तकात आहे. पण १९७५ च्या डिसेंबरमध्ये हूपेइ प्रांतात शुइहूती नावाच्या ठिकाणी एका साध्या सरकारी कारकुनाची कबर सापडली, इ.स.पू. २१७ च्या सुमाराला गेलेला माणूस, आणि त्याच्या अंगाभोवती अकराशेहून जास्त बांबूच्या पट्ट्या होत्या, त्यावर छिनचे खरे कायदे. त्यात सरकारी वेठीला उशिरा पोचलं तर काय ते लिहिलंय: तीन ते पाच दिवस उशीर झाला तर दम देणे, सहा ते दहा दिवस झाले तर एका ढालीच्या किमतीएवढा दंड, दहा दिवसांपेक्षा जास्त तर एका चिलखताच्या किमतीएवढा दंड, आणि पाऊस पडला तर काम रद्द. पाऊस पडला तर रद्द! आता हा नियम बांधकाम-दुरुस्तीच्या वेठीचा, सीमेवरच्या पहाऱ्याचा वेगळा असू शकतो, शिवाय पहिला सम्राट गेल्यावर त्याच्या पोराने कायदे कडक केले असंही सांगतात, त्यामुळे गोष्ट खोटी ठरली असं कुणी म्हणू नये, पण एकदा या पट्ट्या वाचल्या की उशीर म्हणजे मृत्यू हे वाक्य आधीसारखं वाचता येत नाही.

त्याच पट्ट्यांमध्ये सरकारी कोठारात उंदरांची बिळं किती चालतील त्याचाही नियम आहे. जुलमी राज्य म्हणून आपण जे डोळ्यासमोर आणतो त्यापेक्षा हे कितीतरी ओळखीचं वाटतं, फॉर्म, शिक्का, तीन प्रती, साहेब उद्या या.

आणि हानचं काय? लिउ बांग छिनच्या राजधानीत शिरला तेव्हा त्याने लोकांना सांगितलं की आता फक्त तीन कलमं, खून केला तर मृत्यू, मारहाण आणि चोरीला त्या त्या प्रमाणात शिक्षा, बाकी छिनचे सगळे कायदे रद्द. लोक खूश. पण त्याच दिवसांत बाकीचे सरदार सोनंनाणं लुटत असताना त्याचा कारभारी श्याओ ह छिनच्या दप्तरखान्यात गेला आणि नकाशे, खानेसुमारीची कागदपत्रं, कायदे सगळं उचलून आणलं. नंतर हानचा कायदा त्यानेच बनवला तो छिनच्याच कायद्यावर. १९८३-८४ मध्ये झांगच्याशान इथल्या कबरीत इ.स.पू. १८६ च्या सुमाराचे हान कायदे सापडले आणि ते बघून तर स्पष्टच झालं, पुष्कळ ठिकाणी तेच नियम, तीच भाषा. नाक कापणं, पाय तोडणं या शिक्षा हानने इ.स.पू. १६७ पर्यंत चालू ठेवल्या, त्याही बंद झाल्या त्या एका वैद्याच्या मुलीने, थीयिंगने, बापाच्या बदल्यात मला सरकारची दासी करा असा अर्ज केला तेव्हा. म्हणजे हानने छिनचं घर पाडलं वगैरे काही नाही, पाटी बदलली आणि आतलं फर्निचर तसंच ठेवलं, फक्त सुरुवातीला भाडं जरा कमी घेतलं.

एक मोठा फरक मात्र होता. छिनने सगळीकडे नेमलेले अधिकारी ठेवले, हानने अर्ध्या राज्यात तसे प्रांत आणि उरलेल्या अर्ध्यात आपल्या भाऊबंदांना संस्थानं दिली. पन्नास वर्षांत त्याच भाऊबंदांनी बंड केलं तेव्हा हळूहळू ती अर्धी बाजूही छिनसारखी करावी लागली. छिनला जे पंधरा वर्षांत धसमुसळेपणाने करायचं होतं ते हानने शंभर वर्षं लावून केलं आणि म्हणून ते टिकलं, असं माझं मत. बहुतेक चिनी लोक आज स्वतःला हान म्हणतात, लिपीला हान अक्षरं म्हणतात. छिनच्या वाट्याला बाहेरच्यांनी दिलेलं नाव आलं, आपण ज्याला चीन म्हणतो ते छिनवरूनच आलं असं बरेच अभ्यासक मानतात, सगळ्यांना ते मान्य नाही.

बघण्यासारखं काय आहे यावरूनही काही जण ठरवतात, विशेषतः ज्यांना पुढेमागे तिकडे जायचंय. छिनकडे एकच गोष्ट आहे पण ती तोफ आहे. १९७४ च्या मार्चमध्ये शीआनजवळ शेतकरी विहीर खणत होते आणि मातीचा माणूस वर आला. आता अंदाज आठेक हजार सैनिकांचा, माणसाच्या उंचीचे किंवा त्याहून थोडे मोठे, प्रत्येकाचा चेहरा वेगळा, मूळचे रंगवलेले पण हवा लागल्यावर काही मिनिटांतच रंग सुटायला लागायचा. पुतळ्यांवर कारागिरांची नावं कोरलेली आहेत, कौतुकासाठी नव्हे, माल खराब निघाला तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून. खुद्द थडगं अजून उघडलेलंच नाही. आणि ज्याला आपण चीनची भिंत म्हणून फोटोत बघतो ती विटांची भिंत छिनची नाही, ती मिंग काळातली, सतरा-अठराशे वर्षांनंतरची. छिनची भिंत धुमसून घट्ट केलेल्या मातीची होती आणि जी शिल्लक आहे ती बघून तिकिटाचे पैसे वसूल झाले असं वाटणार नाही.

हानकडे एक तोफ नाही पण पसारा मोठा. त्याच शीआनमध्ये विमानतळाच्या रस्त्यावर यांगलिंग आहे, चिंग सम्राटाचं थडगं, तिथले मातीचे पुतळे जेमतेम दोन फुटी, आणि उघडे, हात नसलेले, कारण हात लाकडाचे आणि कपडे कापडाचे होते ते कुजून गेले. शिवाय डुकरं, कुत्री, मेंढ्या, कोंबड्या यांच्या रांगाच्या रांगा. पहिल्या सम्राटाने मेल्यावर सैन्य बरोबर नेलं, याने बरोबर फौज तर नेलीच पण गोठा आणि स्वयंपाकघरही नेलं. दोन्ही एकाच दिवसात बघितलं तर शंभर पानं वाचायची गरज नाही. मग हपेइमधल्या मानछंगला १९६८ मध्ये सापडलेला लिउ शंग राजपुत्राचा जेडचा पोशाख, जवळपास अडीच हजार तुकडे सोन्याच्या तारेने शिवलेले. नानछांगजवळ लिउ हचं थडगं, हा फक्त २७ दिवस सम्राट होता आणि मग हाकलला गेला, तरी कबरीत दहा टनांच्या आसपास नाणी.

आणि या सगळ्यांच्या वर मावांगत्वी. छांगशा शहरात १९७२ मध्ये एका सरदाराच्या बायकोची कबर उघडली, शिन झुइ तिचं नाव, इ.स.पू. १६० च्या आसपास साधारण पन्नाशीत गेलेली, आणि शरीर असं की कातडी मऊ, सांधे हलतात. पोटात खरबुजाच्या १३८ बिया सापडल्या, म्हणजे उन्हाळ्यात खरबूज खाल्लं आणि ते पचायच्या आत बाई गेली. हृदयविकार होता, पित्ताचे खडे होते, वजन जास्त होतं, खाण्याची हौस मोठी, कबरीत डाळ-धान्य, मांस, फळं आणि त्या सगळ्याच्या याद्या. एक झिरझिरीत रेशमी झगा आहे त्याचं वजन ४९ ग्रॅम, पूर्ण बाह्यांचा झगा आणि वजन एका अंड्याएवढं. मला हान घराणं आवडायला लागलं ते कुठल्याच सम्राटामुळे नाही, या खरबूज खाणाऱ्या बाईमुळे. छिनमध्ये अशी एकही बाई भेटत नाही. हानमध्ये ही आहे, राणी ल्यू आहे, पुढे पान झाओ आहे जिने भावाचा अर्धवट राहिलेला इतिहासग्रंथ पूर्ण केला आणि मग बायकांनी नमून वागावं असं पुस्तकही लिहिलं (आता यावर काय बोलणार).

आपल्याकडच्या वाचकाला हान घ्यायला अजून एक कारण आहे, बाहेरचं जग. छिनचं तोंड आत वळलेलं. वू सम्राटाने इ.स.पू. १३८ मध्ये झांग छ्यानला पश्चिमेकडे पाठवलं, उत्तरेकडच्या भटक्या श्योंगनू टोळ्यांनी त्याला पकडून दहाएक वर्षं ठेवलं, तिथे लग्न झालं, पोर झालं, तरी सुटल्यावर हा पठ्ठ्या घरी न जाता पुढेच गेला. बॅक्ट्रियाच्या बाजारात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानात, त्याला सिच्वानच्या बांबूच्या काठ्या आणि तिथलंच कापड दिसलं, हे कुठून आलं विचारलं तर व्यापारी म्हणाले शन्तूहून आणतो. शन्तू म्हणजे सिंधू, म्हणजे आपण. तिथे गरम आणि दमट आहे आणि लोक हत्तीवर बसून लढतात असं त्याने अहवालात लिहिलं. चिनी लेखनात भारताचा हा अगदी सुरुवातीचा उल्लेख. पुढे इ.स. ६८ मध्ये लोयांगला भारतातून गेलेल्या भिक्षूंसाठी श्वेताश्व विहार बांधला अशी परंपरा आहे, आणि थोडं इकडेतिकडे धरलं तर त्याच सुमाराला आपल्याकडे सातवाहनांच्या काळात कार्ल्याचं चैत्यगृह खोदलं जात होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चीनपट्ट आहे, कालिदासाच्या दुष्यंताच्या तोंडी चीनांशुक आहे, ते रेशीम ज्या रस्त्यांनी आलं ते हान काळात नीट सुरू झाले.

मग ठरवायचं कसं. तुमच्याकडे एकच शनिवार-रविवार असेल, किंवा शाळेतल्या पोराला गोष्ट सांगायची असेल, तर डोळे झाकून छिन घ्या. परीक्षेसाठी वाचत असाल तर तुम्हाला दोन्ही घ्यावीच लागणार, तिथे माझ्या मताला विचारतो कोण. राज्य चालतं कसं, कर कोण भरतो, मीठ कोण विकतो असल्या गोष्टींत रस असेल तर हान, आणि त्यातही इ.स.पू. ८१ चा मीठ-लोखंडाचा वाद नक्की बघा, सरकारने धंदा करावा की नाही यावर दरबारात बसून केलेली चर्चा, आजच्या टीव्हीवरच्यापेक्षा बरी आहे. फक्त युद्धं आणि शूरवीर हवे असतील तर हानची शेवटची तीस वर्षं, पण मग ते वेगळंच व्यसन आहे.

आणि खरंच वेळ काढून वाचणार असाल तर मी म्हणेन दोन्हीच्या सांध्यावर सुरुवात करा, इ.स.पू. २०९ ते १९५, चेन शंगच्या बंडापासून लिउ बांगच्या मृत्यूपर्यंत. चौदा वर्षं फक्त. लिउ बांगचं बहुतेक आयुष्य हान सम्राट म्हणून गेलंच नाही, ते गेलं छिन आणि त्याच्या आधीच्या राज्यात, त्यामुळे त्याच्याबरोबर चाललात की छिन खालून दिसतो, चौकीवरून, कैद्यांच्या रांगेतून. छिनच्या राजधानीत, श्यानयांगच्या रस्त्यावर, याने पहिल्या सम्राटाची स्वारी बघितली होती आणि मोठा माणूस असावा तर असा, असं म्हणाला होता. तिथून पुढे वू सम्राटापर्यंत जा, सिमा छ्यानला भेटा, आणि मग मागे वळून छिन वाचा. नावांची एक वही ठेवा, निदान पहिले दोन महिने, एकेका माणसाला तीन-तीन नावं असतात.

छिन सगळ्यात शेवटी वाचाल तेव्हा शुइहूतीच्याच दुसऱ्या एका कबरीतली दोन पत्रं चुकवू नका. लाकडी पाट्यांवर लिहिलेली, इ.स.पू. २२३ च्या आसपासची, छिनच्या सैन्यातले दोन भाऊ, हेइफू आणि चिंग, आघाडीवरून घरी लिहितायत. हेइफू म्हणतो आई, तिकडे कापड स्वस्त असेल तर उन्हाळ्याचे कपडे शिवून पाठव आणि बरोबर पैसे पाठव, महाग असेल तर नुसतेच पैसे पाठव, मी इथे घेईन. चिंगने कुणाकडून तरी उसने घेतलेत ते संपलेत, पाच-सहाशे नाणी आणि चांगलं कापड पाठवा, नाही पाठवलं तर मेलोच म्हणून समजा, आणि शेवटी एकच शब्द तीनदा लिहिलाय: लवकर, लवकर, लवकर.